निरंक

गेल्या १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या सकाळी, सव्वासहाला आमच्या दारावर थाप पडली. दारात एक हवालदार उभा होता. चेहरा ओळखीचा वाटला, आणि त्यानंच ओळख दिली. वीसेक वर्षांपूर्वी लातूर जिल्ह्यातल्या ज्या शाळेत मी मराठी शिकवत होतो, तिथला हा माझा विद्यार्थी. आता नोकरीला नांदेड जिल्ह्यात. पाया पडला आणि म्हणाला, ‘‘सर, साहेबांनी चहाला बोलावलंय.’’

मराठवाड्यात ज्यांनी कधी तहसीलला एखादं निवेदन दिलंय, त्यांना या चहाचा अर्थ सांगावा लागत नाही. मंत्री येणार असले, झेंडावंदन असलं, कुठल्या पुलाचं उद्घाटन असलं, की आदल्या रात्री किंवा त्या दिवशी पहाटे हा चहा निघतो. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात त्याची एक ओळ येते : ‘खबरदारीचा उपाय म्हणून कार्यकर्त्यांना ताब्यात घेण्यात आले.’ मी काही कार्यकर्ता नाही. निवृत्त मास्तर आहे, वय ६६. पंधरा दिवसांपूर्वी अतिवृष्टीच्या मदतीसाठी अकरा शेतकऱ्यांबरोबर एका निवेदनावर मी सही केली होती. निवेदनाच्या शेवटी रिवाजाप्रमाणे एक वाक्य होतं : ‘अन्यथा लोकशाही मार्गाने तीव्र आंदोलन छेडण्यात येईल.’ हे वाक्य तहसीलसमोरचा टायपिंगवाला न विचारताच टाकतो. त्या वाक्याचा हा चहा होता.

ठाण्यात मोबाइल जमा करून घेतला. ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोरच्या बाकड्यावर मला बसवलं. आमच्यातले आणखी चौघे हळूहळू येऊन बसले. दोनदा चहा झाला, एकदा पोहे आले. सगळे ‘सर’ म्हणत होते. कुणी आवाज चढवला नाही. दुपारी साडेतीनला मंत्र्यांचा ताफा जिल्ह्याबाहेर गेल्याचा फोन आला आणि आम्हाला ‘निघा आता’ म्हणून सांगण्यात आलं. मी जन्मभर हजेरीपटात राहिलेला माणूस. सवयीनं विचारलं, ‘‘सही कुठं करायची?’’

माझा विद्यार्थी हसला. ‘‘सही कशाची सर? तुमाला काय अटक केली होती का? निस्तं बसवून ठेवलं होतं.’’

हा लेख त्या ‘निस्तं’ या शब्दावर आहे.

घरी आल्यावर डोक्यातून ते जाईना. महिनाभरानं मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. ठाण्याचं नाव इथं घेत नाही; नाव घेतलं की तेवढंच ठाणं वाईट असं वाटतं. प्रश्न साधा होता : १७ सप्टेंबर रोजी सकाळी सहा ते संध्याकाळी सहा या वेळेत आपल्या ठाण्यात किती व्यक्तींना ताब्यात घेऊन आणण्यात आलं, कोणत्या कलमाखाली, आणि त्यांना किती वाजता सोडण्यात आलं? उत्तर वेळेत आलं, शिक्क्यासह आलं. तिन्ही रकान्यांत एकच शब्द होता : निरंक.

म्हणजे नऊ तास मी कुठंच नव्हतो.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. एका वकील मित्राच्या मदतीनं ही पुस्तकं मी निवृत्तीनंतर पहिल्यांदा उघडली, आणि मला आश्चर्य वाटलं ते याचं, की कायदा बराच शहाणा आहे. किरकोळ गुन्ह्यात पोलिसांनी माणसाला उचलू नये, हे तो पुन्हा पुन्हा सांगतो.

पहिली पायरी अदखलपात्र गुन्ह्याची, ज्याला आपण ‘एनसी’ म्हणतो. शिवीगाळ, साधी चापटपोळी. यात मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय पोलिसांना ना तपास करता येतो, ना वॉरंटशिवाय अटक. अपवाद एवढाच, की पोलिसासमोर असा गुन्हा झाला आणि माणूस नाव-पत्ता सांगायलाच तयार नसेल किंवा खोटा सांगत असेल, तर ते कळेपर्यंत त्याला थांबवता येतं. दुसरी पायरी दखलपात्र, पण सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांची. इथं अटकेचा अधिकार आहे, पण ती का गरजेची आहे ते लिहून काढावं लागतं. माणूस पुन्हा गुन्हा करील, पुरावा नष्ट करील, साक्षीदाराला धमकावील, तपास नीट होणार नाही, कोर्टात हजरच राहणार नाही, अशी कारणं कायद्यानं मोजून दिली आहेत. त्यातलं एकही नसेल तर अटक नाही, नोटीस द्यायची. माणूस नोटिशीप्रमाणे येत राहिला तर त्याला अटक करायची नाही. करायचीच झाली तर पुन्हा कारण लिहायचं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम ४१ आणि ४१-अ होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम ३५ झालं.

त्याच कलम ३५ मध्ये एक नवं पोटकलम आलंय. तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा गुन्हा असेल आणि माणूस साठीच्या वरचा किंवा अपंग-आजारी असेल, तर पोलीस उपअधीक्षकाच्या पूर्वपरवानगीशिवाय त्याला अटक करता येत नाही. शिवाय साठीच्या वरच्या पुरुषाला नुसत्या साक्षीसाठीसुद्धा ठाण्यात बोलवता येत नाही. पोलिसांनी त्याच्या घरी जायचं असतं. म्हणजे मी गुन्हा केला असता तर डीवायएसपींची परवानगी लागली असती. मी साक्षीदार असतो तर फौजदार माझ्या ओसरीवर आले असते. मी यांपैकी काहीच नव्हतो, म्हणून एका हवालदाराच्या शब्दावर नऊ तास बसलो. चहासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

न्यायालयंही गप्प बसलेली नाहीत. १९९४ मध्ये जोगिंदर कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की अटकेचा अधिकार असणं ही एक गोष्ट आणि तो वापरण्याचं समर्थन असणं ही वेगळी गोष्ट. त्याच निकालात राष्ट्रीय पोलीस आयोगाच्या तिसऱ्या अहवालाचा हवाला आहे : देशातल्या सुमारे ६० टक्के अटका अनावश्यक किंवा असमर्थनीय होत्या आणि तुरुंगांचा ४३.२ टक्के खर्च त्यांच्यापायी होत होता. १९९६ मध्ये डी. के. बसू खटल्यात अटकेचा पंचनामा, नातेवाइकाला कळवणं, वैद्यकीय तपासणी असे नियम घालून दिले. २०१४ मध्ये अर्नेश कुमार खटल्यात सांगितलं, की कारण न लिहिता अटक करणाऱ्या पोलिसावर खातेनिहाय कारवाई होईल आणि न्यायालयाचा अवमानही होईल. २०२२ मध्ये सतेंदर अंतिल खटल्यात तेच पुन्हा बजावलं.

मग अडचण कुठं आहे? अडचण अशी, की हे सगळे निकाल ‘अटक’ या शब्दावर पहारा देतात, आणि आपल्या ठाण्यांनी तो शब्द वापरणंच सोडून दिलंय. पुढचा दरवाजा बंद झाला म्हणून मागच्या दारानं वर्दळ सुरू आहे.

या मागच्या दाराला कायद्यानंच कडी ठेवलेली नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ यातलं कलम ६८ म्हणतं, की पोलिसांच्या वाजवी सूचना लोकांनी पाळाव्यात. कलम ६९ म्हणतं, की त्या न पाळणाऱ्याला पोलीस अडवू किंवा हलवू शकतात, आणि मग एकतर मॅजिस्ट्रेटपुढं नेऊ शकतात किंवा मामला क्षुल्लक असेल तर प्रसंग टळल्यावर सोडून देऊ शकतात. ‘६८ प्रमाणे ताब्यात घेऊन ६९ प्रमाणे सोडले’ हे पोलिसी मराठीतलं आवडतं वाक्य तिथून आलं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेनं तेच कलम १७२ मध्ये देशभर नेलं : सूचना न मानणाऱ्याला ताब्यात घ्या, मॅजिस्ट्रेटपुढं न्या, किंवा किरकोळ प्रकरण असेल तर चोवीस तासांच्या आत लवकरात लवकर सोडा.

यातला ‘किरकोळ’ हा शब्द वाचकांनी दोनदा वाचावा. सात वर्षांच्या शिक्षेचा गुन्हा केलेल्या माणसाला अटक करायची तर लेखी कारण हवं, नातेवाइकाला खबर हवी, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करायला हवं. आणि ज्याचा मामला किरकोळ आहे, त्याला? त्याला यांपैकी काही नाही, कारण मामला किरकोळ आहे! गुन्हा जितका लहान, तितकं संरक्षण कमी. संविधानाच्या अनुच्छेद २२ नं घातलेली चोवीस तासांची मर्यादा नागरिकासाठी होती; ठाण्यांनी ती तेवीस तासांचा परवाना म्हणून वाचली.

तरीही, कलम १७२ घ्या किंवा ६८ घ्या, त्याला आधी एक सूचना लागते आणि ती मोडणारा माणूस लागतो. मी कुठली सूचना मोडली? मी तर दूध तापवत होतो. ‘प्रतिबंधक कारवाई’चं खरं कलम १७० आहे, जुनं १५१. एखादा माणूस दखलपात्र गुन्हा करण्याच्या बेतात आहे हे पोलिसाला माहीत असेल आणि तो गुन्हा दुसऱ्या कुठल्याच मार्गानं टळण्यासारखा नसेल, तरच त्याखाली अटक करता येते. सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये राजेंदर सिंग पठानिया खटल्यात हे दोन्ही निकष सोडता येत नाहीत असं स्पष्ट केलंय. ‘लोकशाही मार्गाने आंदोलन छेडण्यात येईल’ हा कुठला दखलपात्र गुन्हा आहे? आणि १७० लावलंच असतं तर ती अटकच झाली असती, नोंद झाली असती, उत्तर ‘निरंक’ आलं नसतं. म्हणून तर ते लावलं नाही.

कुणी म्हणेल, बसवून ठेवणं म्हणजे अटक नव्हेच. मुंबई उच्च न्यायालयानं याचं उत्तर १९९० मध्येच देऊन ठेवलंय. अशाक हुसेन खटल्यात न्यायालयानं सांगितलं, की अटक सुरू होते ती माणसाच्या स्वातंत्र्यावर बंधन आलं त्या क्षणी. अधिकाऱ्यानं कागदावर कुठली वेळ टाकली किंवा त्या थांबवण्याला काय नाव दिलं, यावर ते अवलंबून नाही. माझा मोबाइल ज्या क्षणी ड्रॉवरमध्ये गेला, त्या क्षणी मला अटक झाली होती. आणि कायदेशीर आधाराशिवाय माणसाला असं अडकवून ठेवणं हा नव्या न्यायसंहितेच्या कलम १२७ प्रमाणे स्वतःच गुन्हा आहे, वर्षभरापर्यंत कैदेचा. म्हणजे त्या दिवशी त्या खोलीत गुन्हा घडला, पण तो बाकड्यावर बसलेल्यांनी केला नव्हता.

इथपर्यंत मी माझ्याबद्दलच बोललो. मला नऊ तासांत त्रास झाला तो एवढाच, की रक्तदाबाची गोळी चुकली. पण त्या खोलीत मी एकटा नव्हतो.

आमच्या बाकड्याजवळ, खाली फरशीवर, भिंतीला टेकून एक पोरगा बसला होता. सतरा-अठराचा असेल. चपला नव्हत्या. तो आदल्या रात्रीपासून तिथंच होता, हे मला अंमलदाराच्या बोलण्यातून कळलं. बसस्टँडजवळ रात्री फिरताना डीबीच्या पोलिसांना सापडला, ‘पालावरचा आहे’, एवढंच. चहा वाटणाऱ्या मुलानं ट्रे त्याच्यासमोरून नेला, थांबला नाही. मला ‘सर’ होतं, त्याला ‘ए’ होतं. साडेतीनला आम्ही उठलो तेव्हा तो तिथंच होता. अर्जाचं उत्तर ‘निरंक’ आलं तेव्हा माझ्या लक्षात आलं, की तो पोरगाही त्याच शब्दात होता. मला घरी पोचल्यावर बायकोनं, शेजाऱ्यांनी, दोन पत्रकारांनी विचारलं. त्याला कुणी विचारलं असेल?

पोलीस अधिनियमात कलम १२२ आहे : सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत संशयास्पद स्थितीत सापडणं. त्यातल्या एका प्रकारात, चोर म्हणून ख्याती असलेला माणूस रस्त्यात रेंगाळताना सापडला आणि आपण तिथं का आहोत हे त्याला समाधानकारक सांगता आलं नाही, तर तो गुन्हा ठरतो. ‘ख्याती’ कोण देतं? सतरा वर्षांच्या पोराला ती त्याच्या करणीनं मिळत नाही, जन्मानं मिळते. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा करून ती वाटली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती ‘विमुक्त’ झाल्या, पण ठाण्याच्या फरशीवरून त्या उठलेल्या मी तरी पाहिल्या नाहीत.

हे लातूर-नांदेडकडच्या वाचकाला मी सांगायला नको. लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ १९८७ मध्ये आलं, पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. लेखक लातूरजवळच्या धनेगावचे. पोलीस घरात शिरणं, बाप्यांना उचलून नेणं, बायका-पोरांनी ठाण्याबाहेर बसून राहणं, हे सगळं त्या पुस्तकात आहे. मी ते नववी-दहावीच्या मुलांना तास संपता संपता वाचून दाखवत असे. ज्या हवालदारानं मला आणलं, तो त्या वर्गात होता. आणि ज्यानं ते वाचून दाखवलं, त्या मी, नऊ तासांत, दोन हातांवर बसलेल्या पोराचं साधं नाव विचारलं नाही. माझ्यासमोर पोहे होते. हे मी लिहून ठेवतो, कारण पोलिसांना नोंद करा म्हणणाऱ्यानं स्वतःची नोंद आधी करावी.

पोलिसांची बाजू मला माहीत आहे. माझ्या विद्यार्थ्यानं ती मला नंतर घरी येऊन सांगितली, आणि ती खोटी नाही. मराठवाड्यात दर झेंडावंदनाला जिल्हाधिकारी कार्यालयासमोर आत्मदहनाचे इशारे येतात. त्यातला एखादा खरोखर रॉकेलची बाटली घेऊन येतो. तो पेटला तर निलंबन बंदोबस्तावरच्या शिपायाचं होतं, मदत अडवून ठेवणाऱ्या कारकुनाचं नाही. ‘‘सर, वरून यादी येते. यादीतला माणूस ताफ्यापुढं आला तर माझी नोकरी जाते. मग मी काय करू?’’ असं तो म्हणाला.

मी त्याला म्हणालो, लिही. खरोखर बाटली घेऊन निघालेल्याला अडवायला कायद्यानं अधिकार दिलाय. त्याखाली अडव आणि नाव, वेळ, कारण लिही. यादी वरून आली असेल तर ‘वरून यादी आली’ असं लिही. तुला तोंडी हुकूम देणारा मोकळा राहतो तो नोंद नसल्यामुळंच. उद्या चौकशी लागली तर अडकशील तू. कोरं रजिस्टर साहेबाला वाचवतं, शिपायाला नाही. त्यावर तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘‘लिहिलं तर कारण काय टाकू सर?’’ माझा सगळा मुद्दा त्याच्या या प्रश्नात आलाय. लिहिता येईल असं कारण नसेल, तर माणसाला उचलायचं नसतं.

दुसरा युक्तिवाद आपल्यासारख्या शहाण्यासुरत्या लोकांचा : चार तास बसवलं तर काय बिघडतं? मारलं तर नाही ना? ज्याचा पगार त्या चार तासांत कापला जात नाही, तो हे म्हणू शकतो. रोजंदारीवाल्याची मजुरी जाते, गाडेवाल्याचा नाशवंत माल जातो. आणि मारहाणीचं म्हणाल, तर ती झाली की नाही हे ठरवायला आधी माणूस तिथं होता हे सिद्ध व्हावं लागतं. नांदेडशेजारच्या परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, बंदला हिंसक वळण लागलं, धरपकड झाली, आणि अटकेतला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मरण पावला. ते प्रकरण किरकोळ गुन्ह्याचं नव्हतं. पण तिथं अटकेची नोंद होती, कोठडीचा आदेश होता, शवविच्छेदनात जखमा नोंदल्या गेल्या. म्हणून त्याच्या आईला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत जाता आलं आणि जुलै २०२५ मध्ये न्यायालयानं गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. एवढे कागद असताना एवढं झगडावं लागलं. फरशीवरच्या त्या पोराला काही झालं असतं, तर त्याच्या आईनं कुठला कागद दाखवला असता?

आणि किरकोळ गुन्हा ही काही आभाळातून पडणारी गोष्ट नाही. तो एका आदेशानं तयार होतो. लातूरनं हे पाहिलंय. मार्च २०१६ मध्ये शहराचे नळ कोरडे पडले होते, टँकर भरण्याच्या ठिकाणी भांडणं होत होती. प्रशासनानं पाण्याच्या टाक्यांच्या आणि टँकर भरण्याच्या ठिकाणांच्या परिसरात जमावबंदी लावली. पाचाहून जास्त माणसं एकत्र आली की आदेशभंग. एप्रिलच्या १२ तारखेला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन ‘जलदूत’ रेल्वे आली, तिचे फोटो देशभर गेले. जमावबंदीचा फोटो निघत नाही. घागर घेऊन रांगेत उभी असलेली सहावी बाई त्या आदेशाच्या अक्षरानं गुन्हेगार होती. तिच्यावर कुणी कारवाई केली असं मी म्हणत नाही. करता आली असती, एवढं म्हणतो. पुढं कोविडच्या टाळेबंदीत याच आदेशभंगाच्या कलम १८८ खाली राज्यात लाखांनी गुन्हे नोंदले गेले, आणि २०२२ मध्ये सरकारनंच ते मागं घ्यायचं ठरवलं. वास्तविक अशा गुन्ह्याची दखल न्यायालय पोलिसांच्या सांगण्यावरून घेत नाही. ज्याचा आदेश मोडला त्या अधिकाऱ्याची लेखी तक्रार लागते. खटला उभा राहणार नाही हे माहीत असतं, तरी माणूस बसवला जातो, कारण बसवणं हीच शिक्षा असते. नव्या न्यायसंहितेत या गुन्ह्याची कमाल कैद एक महिन्यावरून सहा महिन्यांवर नेली आहे.

इतर देशांत सगळं आलबेल आहे असं नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्ये, पाच विरुद्ध चार मतांनी, टेक्सासमधल्या लागो व्हिस्टा गावची एक अटक वैध ठरवली. सीटबेल्ट लावला नाही म्हणून, ज्याला जास्तीत जास्त पन्नास डॉलर दंड होऊ शकत होता, एका आईला मुलांदेखत बेड्या घालून नेलं होतं. त्या निकालावर तिथं आजही टीका होते, आणि व्हायलाच हवी. पण ती बाई कोर्टात जाऊ शकली, कारण तिच्या अटकेचा कागद होता. त्यांचा कायदा आपल्यापेक्षा कठोर, आपला त्यांच्यापेक्षा सौम्य; फक्त आपला कायदा ठाण्याच्या पायरीशी चपला काढून बाहेर थांबतो.

आणि तारीख पाहा. १७ सप्टेंबर. निजामाच्या राज्यात सभा घ्यायची तर आधी परवानगी लागे; ‘गश्ती ५३’ या नावानं तो हुकूम ओळखला जाई. स्वामी रामानंद तीर्थांच्या पिढीनं असल्या हुकमांविरुद्ध तुरुंग पत्करला, आणि १९४८ च्या त्या दिवशी हैदराबाद संस्थान शरण आलं. आज त्याच दिवसाच्या झेंडावंदनासाठी निवेदनावर सही करणाऱ्यांना पहाटे उचललं जातं. निजामाच्या हुकमाला निदान नंबर होता.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. कायदा बदला, असंही मी म्हणत नाही.

पोलिसांच्या सांगण्यावरून जो कुणी ठाण्याची पायरी चढेल, त्याचं नाव, आल्याची वेळ, कलम, आणलं कुणी, आणि गेल्याची वेळ स्टेशन डायरीत लिहा, आणि त्याची चिठ्ठी त्याच्या हातात द्या. दवाखान्यात पाच मिनिटांच्या तपासणीची चिठ्ठी मिळते. ठाण्यात नऊ तासांची का मिळू नये? कलम नसेल तर माणूस आणू नका. दंडाच्या गुन्ह्यात नाव-पत्ता घ्या आणि सोडा. नुसत्या दंडाच्या क्षुल्लक खटल्यात आरोपीनं कोर्टात न येता टपालानं गुन्हा कबूल करून दंड भरावा, अशी सोयसुद्धा कायद्यात आहे, ती वापरा. गुन्हा जामीनपात्र असेल तर जामीन हा हक्क आहे, मेहरबानी नाही. आणि आठवड्यात जामीनदार आणता न येणारा माणूस गरीबच समजावा आणि त्याला त्याच्या स्वतःच्या बंधपत्रावर सोडावं, असं कायदाच म्हणतो. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी खटल्यात प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावा आणि चित्रण अठरा महिने, ते जमत नसेल तर किमान वर्षभर जपा, असं सांगितलंय. त्या कॅमेऱ्यांत बाकडंही दिसलं पाहिजे आणि फरशीही.

आपल्यासाठी मागणी याहून लहान आहे. चहाला बोलावलं तर तीन प्रश्न विचारा : कुठल्या कलमाखाली? लेखी द्याल का? मी आत्ता उठून जाऊ शकतो का? तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल, तर ती अटक आहे, आणि तेवढं मोठ्यानं म्हणा. घरी आल्यावर माहितीचा अर्ज टाका. एका ठाण्यातून एक ‘निरंक’ आला तर तो योगायोग वाटतो. गावोगावच्या बसवलेल्या माणसांनी आपापले ‘निरंक’ गोळा केले, तर तो पुरावा होईल, कारण त्या दिवशीच्या पेपरात ‘ताब्यात घेण्यात आले’ असं छापून आलेलं असतं.

माझं अपील मी केलं आहे. सोबत दुसरा अर्जही लिहिलाय, त्या पोरासाठी, चित्रणाच्या मागणीचा. वर्ष भरायच्या आत तो पोचायला हवा. त्याचं नाव मला माहीत नाही, म्हणून ‘ठाणे अंमलदारांच्या टेबलाच्या डाव्या बाजूस, जमिनीवर बसलेली व्यक्ती’ असं लिहिलंय. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलंय. उत्तर काय येईल याचा अंदाज आहे, पण ते शिक्क्यासह यावं अशी इच्छा आहे.